आंधळगावच्या मागावर ऐकू आलेला 'च्'

भूतबाधा, करणी, असलं मी कधीच मानलं नाही. आम्ही कोष्टी, हातातला धागा दिसला की पुरे! तरी १९८१ च्या उन्हाळ्यातली ती दुपार... सांगूनच टाकते.

आंधळगावला आमचा माग होता. धाकट्या बहिणीचं, कुसुमचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. आमच्या घरात पोरीचं लग्नाचं कोशाच्या रेशमाचं लुगडं बापच विणतो. बाबांनी ते अर्धं विणलं आणि त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात माय त्यांच्यापाशी. डॉक्टर म्हणाले, नुसता आवाज निघाला तरी आशा धरा. पाच दिवस झाले, आवाज नाही.

उरलेलं लुगडं विणायला मी बसले. करवतीच्या दात्यांसारखा काठ म्हणजे तीन धोटे, दोन काठांचे नि एक मधला. दर फेकीला काठाचा धागा मधल्या धाग्यात अडकवायचा. नेमकं तेच राहिलं! चार बोटं काठ सुटा. रडत रडत उसवलं. पण मग अशी धास्ती बसली, की नजर काठावरून हलेना.

तेवढ्यात पाठीमागून — "च्!"

मी चुकले की बाबा असंच करायचे. कधी रागावले नाहीत. वळून पाहिलं तर कोणी नाही. काठ तपासला, ठीक होता. मग मागे ताण्याकडे, उभ्या धाग्यांकडे पाहिलं... एक धागा तुटून लोंबत होता! एका चुकीच्या भीतीनं मी दुसरीकडे बघतच नव्हते. त्या दुपारी असं तीनदा झालं. तिन्ही वेळा तुटका धागा.

संध्याकाळच्या एसटीनं भंडारा गाठलं. माय दारातच रडत उभी.

"माय, काहून रडून राहिली वो?"

"तुह्या बाबाचा आवाज निघाला, पोरी! दुपारी तीनदा 'च्' केलं. मले वाटलं, पानी मांगून राहिले."

मी धावतच बाबांच्या खाटेपाशी गेले.

कुसुमचा मुलगा आता डॉक्टर आहे. तो म्हणतो, "मावशी, चूक झाली की मेंदू जास्त सावध होतो. तो आवाज तुझ्याच डोक्यातला." असेल रे! पण माझ्या डोक्यातला आवाज भंडाऱ्यात मायला कसा ऐकू गेला?

लग्नाच्या दिवशी बाबांना खुर्चीवर बसवलं होतं. ते लुगडं नेसून कुसुम पाया पडली. बाबा अडखळत, पण स्पष्ट बोलले, "सुखी राह्य, बाई." लकव्यानंतरचे त्यांचे पहिले शब्द. आम्ही सगळे हसत होतो आणि रडतही होतो.