शाबासकीत गेलेली दोन वर्षं

"शर्टाची बटणं लावता येतात का?" नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं.

"येतात की," आमचे हे म्हणाले आणि खिशातून तारेचा आकडा काढला. मला त्यांच्या शर्टाचं वरचं बटण सोडायला लावलं. मग काजातून आकडा घातला, बटणाला अडकवला, ओढला. बटण लागलं. पेपर सोडवून आलेल्या पोराच्या चेहऱ्यानं त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"वा! कुणी बनवलं हे?"

"मीच."

डॉक्टरांनी आकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हा कधी बनवला, आठवतं?"

मला बरोबर आठवत होतं. मी अंगणवाडी सेविका. कुठलं लेकरू कधी रांगायला लागलं, कधी उभं राहिलं, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. मी म्हणाले, "मागच्या दिवाळीच्या आधी." त्याआधी असं काही बनवलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी सुरूच झाले. त्याच्याही आदल्या वर्षीच्या पोळ्याला बैलांच्या झुलीच्या नाड्यांना गाठी बसेनात म्हणून ह्यांनी तारेचे चाप केले. मग चमच्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवली. चपला पायातून निसटतात म्हणून त्यांना जुन्या ट्यूबचे पट्टे लावले. शेवटी घराच्या दारापासून न्हाणीपर्यंत दोरी बांधली, धरून जायला. मी कौतुकानं सांगत होते आणि डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते.

"म्हणजे दोन वर्षं होत आली," ते म्हणाले.

मी आजाराचा इतिहास सांगत होते आणि मलाच ते ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी ह्यांच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली. अंगठा आपोआप आत वळला. तसा तो वळायला नको असतो. मग त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि आजाराचं नाव सांगितलं, सर्व्हायकल मायलोपॅथी. सर्व्हायकल म्हणजे मानेचं. मायलोपॅथी म्हणजे मज्जारज्जूला झालेली इजा. मेंदूकडून हातापायांकडे जाणारा सगळा निरोप मज्जारज्जूतून जातो. मानेचे मणके झिजून, त्यांच्या कडा वाढून मज्जारज्जू दबत जातो. निरोप आधी बोटांना पोचत नाही, मग पायांना.

"दुखत नव्हतं का?" मी ह्यांना तिथेच विचारलं.

"न्हाई ना. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

हे वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. हा आजार पुष्कळदा दुखत नाही. दुखलं असतं तर आम्ही धावलो असतो.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या बाजूला. शेती बेताची, सोयाबीन आणि तूर. पण ह्यांची ओळख शेतीमुळे नव्हती. कुणाची मोटार पाणी फेकेना, कुणाच्या फवारणी पंपाचा दट्ट्या अडकला, कुणाच्या म्हशीनं दावं तोडायची सवय लावून घेतली, की माणूस आमच्या दारात. हे आधी वस्तूभोवती एक चक्कर मारायचे, मग खाली बसायचे, मग म्हणायचे, "हे काहून असं करून राहिलं, ते आधी बघू." तोवर मी चहा टाकायचा, हे ठरलेलं.

माझ्या अंगणवाडीत लेकरांचं वजन करायचं म्हणजे रडारड. काट्याला टांगलेल्या झोळीत बसायला लेकरं बघत नसत. ह्यांनी झोळी काढून टाकली, लाकडाची छोटी बैठक केली, तिला ट्रॅक्टरचा लाल रंग दिला आणि पुढे भोंगा लावला. दुसऱ्या महिन्यापासून लेकरं वजनासाठी भांडायला लागली. काही जण वजन झाल्यावर उतरेनात. पर्यवेक्षिका बाई बघायला आल्या, तेव्हा मी असा तोरा मिरवला की जसं काही मीच ते केलं होतं.

घरात तर सगळंच त्यांच्यावर. कुकरच्या कानापासून लेकाच्या लग्नातल्या रुसव्यापर्यंत. "ह्यांना दाखवा," एवढंच आम्हाला ठाऊक. मोडलेलं सगळं आम्ही त्यांच्याकडे नेलं. त्यांना मात्र आम्ही कुठंच नेलं नाही.

बटणाचा आकडा केला तेव्हा मी हसून लोटपोट झाले. "आता जेवायचं बी मशीन करा," मी म्हणाले. त्यांनी खरंच चमच्याला दुसरी मूठ बसवली, आधीपेक्षा जाड. मी तो चमचा शेजारी दाखवून आणला. आमचा लेक प्रमोद सेनगाव-हिंगोली जीप चालवतो. त्यानं चपलांच्या पट्ट्यांचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली टाळ्याच टाळ्या. न्हाणीपर्यंतची दोरी बांधली तेव्हा मी तिच्यावर कपडे वाळत घातले. ते सकाळी बिचारे ओल्या लुगड्यांमधून चाचपडत जायचे आणि मी ओरडायचे, "धुतलेल्याला हात पुसू नका!"

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

त्याहून मोठी लाज आरोग्य शिबिराची आहे. शिबिर आमच्या शाळेत होतं आणि गावातली म्हातारी माणसं मीच गोळा केली होती. घरोघर जाऊन दटावलं होतं, "दुखत नसलं तरी या." हे तिथेच होते. डॉक्टरांचं टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली पाचर बसवत होते. हातोडी दोनदा हातातून सुटली. मी म्हणाले, "लक्ष कुठाय तुमचं?" शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुणी राहिलं का?" मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "न्हाई साहेब, झाले सगळे."

पावसाळ्यात हे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडले. पाय घसरला म्हणाले. चार दिवसांनी कोरड्या अंगणात पडले. तेव्हा घसरायला काही नव्हतं. प्रमोदनं जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना सरळ रेषेत चालायला सांगितलं. ते दारू प्यायल्यासारखे चालले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते चालणं नीट पाहिलं. डॉक्टरांनी नांदेडला एमआरआय करायला सांगितलं. तिथून पुढचं वर आलंच आहे.

ऑपरेशनचं नाव लॅमिनेक्टॉमी. मानेच्या मणक्यांच्या मागची हाडाची कमान काढून मज्जारज्जूला मोकळी जागा करून देतात. ह्यांना ते लगेच कळलं. "म्हणजे पाइप दबलाय, वरचा दगड काढायचा," म्हणाले. डॉक्टर हसले. मग सावकाश बोलले, "दगड निघेल. पण पाइप इतके दिवस दबलेला आहे. ऑपरेशन पुढचं नुकसान थांबवण्यासाठी आहे. गेलेली ताकद परत येईलच, असा शब्द मी देत नाही."

बाहेर पडताना मी एकटीच परत आत गेले. "साहेब, आधी आणलं असतं तर?"

त्यांनी मला फसवलं नाही. "फरक पडला असता, ताई. किती, ते कुणीच सांगू शकणार नाही."

ऑपरेशनच्या दिवशी मी नांदेडच्या दवाखान्यात बाकावर बसून होते. आजूबाजूला परभणीची, हिंगोलीची, यवतमाळकडची माणसं. एका बाईनं विचारलं, "काय झालं मालकाला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "न दुखणारं दुखणं कसं कळावं माणसाला?" तिनं चांगल्या मनानं म्हटलं. पण मला कळलं असतं. लेकराच्या हातातून खडू दोनदा पडला, तर मी त्याच्या आईला बोलावून घेते.

ऑपरेशन नीट झालं. पाय थोडे सुधारले, काठी घेऊन दारापर्यंत येऊ लागले. बोटं मात्र परतली नाहीत. लोक वस्तू घेऊन येतच होते. हे खाटेवरून सांगायचे आणि प्रमोद करायचा. "अरे डावीकडं, डावीकडं! पान्हा हाय का चमचा?" प्रमोद चिडायचा, "मंग तुमीच करा ना, बाबा!" बोलून गेल्यावर त्याचा चेहरा उतरायचा. हे तिकडे बघायचेच नाहीत, पुढचा स्क्रू सांगायचे.

एके दुपारी ओट्यावर मी तुरीच्या शेंगा सोलत होते. हे शेजारी, मानेला पट्टा. मनात साचलेलं मी एकदाचं बोलून टाकलं.

"माझं चुकलं. मी हसत बसले."

"तुझं काय चुकलं त्यात?"

"तुमची बोटं चालून नाही राहिली, हे मला दिसायला पायजे होतं."

ते म्हणाले, "मलाबी कळून राहिलं होतं. पण एकेक वस्तू जमली की वाटायचं, जिंकलो. तू वा म्हणायचीस, मंग आणखीच वाटायचं." मग म्हणाले, "आन् तू इचारलं असतंस तरी मी काय म्हणलो असतो? म्हणलो असतो, काई न्हाई, असंच."

"पण मी इचारलंच न्हाई."

"व्हय," ते म्हणाले. "इचारलं न्हाई."

त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात राग नव्हताच. पण ते जे म्हणाले ते खरं होतं, आणि खरं आहे म्हणूनच ते मनातून जात नाही. खोटं बोलायची संधीसुद्धा मी त्यांना दिली नव्हती.

त्यानंतर मी रोज विचारायला लागले, "आज काय जमलं न्हाई?" सुरुवातीला चिडायचे. मग हळूहळू सांगू लागले. पेला धरवत नाही. कूस बदलता येत नाही. एका सकाळी म्हणाले, "पाणी पाज." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली मदत असावी. मी पाणी पाजलं आणि आत जाऊन रडले. पुढचे महिने आमच्या लग्नातले सगळ्यात जवळचे होते. ते मिळाले म्हणून मी देवाची आणि त्या डॉक्टरांची ऋणी आहे.

हिवाळ्यात छातीत कफ झाला. छातीच्या स्नायूंनाही निरोप नीट पोचत नव्हता, खोकून बाहेर काढायची ताकद नव्हती. न्यूमोनिया झाला, म्हणजे फुप्फुसात जंतूंची लागण. हिंगोलीच्या दवाखान्यात आठवडाभर झुंजले आणि गेले. प्रमोद त्यांचा हात धरून होता.

लोक भेटायला आले ते त्यांच्या डोक्याच्या गोष्टी घेऊन. काय माणूस होता, काय अक्कल होती. मी ऐकत होते आणि प्रत्येक गोष्टीला मनात विचारत होते, हे त्यांनी कुणासाठी केलं आणि कशासाठी.

मी पुन्हा कामावर जाते. मागच्या आठवड्यात एका लेकराचं वजन घ्यायला तांड्यावर गेले होते. लेकराची आजी माझ्याच वयाची. तिनं हौसेनं मला घरात नेलं. खाटेवरच्या आढ्याला जुन्या साडीचा पाळण्यासारखा फास टांगला होता. त्यात दोन्ही हात अडकवून तिनं स्वतःला वर ओढलं आणि उठून बसली.

"पहा ताई, मी माझ्या डोक्यानं केलं. कुणाला हाक मारायचं काम न्हाई."

ती शाबासकीची वाट बघत होती. खरंच हुशारीचं काम होतं. शब्द माझ्या ओठावर आला होता, तो मी गिळला.

"कधीपासून उठता येत न्हाई तुमाला?"

ती हसली. "काई न्हाई ताई, असंच."

मी वजनाचा काटा खाली ठेवला आणि तिच्या खाटेवर बसले.