काजरीची धाप

देवरीच्या हमरस्त्यापासून आत, जंगलाच्या कडेला एक टोला आहे. पाचपन्नास घरांची वस्ती. त्या टोल्यात मंगली राहते, आणि भांडणात तिचा हात धरील अशी बाई त्या पट्ट्यात अजून व्हायची आहे. नवरा पतिराम होता तोवर निम्मी भांडणे घरातल्या घरात जिरून जायची. तो गेला आणि सगळीच गावाच्या वाट्याला आली.

मंगलीने जन्मात ज्याच्याशी भांडण काढले नाही असा एकच जीव, तिची काळी मांजर काजरी. पहाटे मंगली मोहफुले वेचायला निघाली की काजरी मागोमाग. टोपली भरेस्तोवर झाडाच्या बुंध्याशी बसून राहायची. जेवण झाले की मंगलीच्या मांडीवर. घरात दुसरे माणूस नव्हते, आणि मंगलीला ते हवेही नव्हते.

गेल्या मोहाच्या हंगामात त्या काजरीला धाप लागली. मान पुढे ताणून, कोंबडीसारखी अंग चोरून बसायची आणि पोट लोहाराच्या भात्यासारखे वरखाली. मंगलीने आधी मांजरीकडे पाहिले, मग सरळ कुंपणाकडे. कुंपणापलीकडे सावित्रीबाई. चार दिवसांमागेच ती म्हणाली होती, "काय चरबी चढली वं तुया माजरीले!"

झाले. नजर पक्की.

संध्याकाळी मंगलीने निखाऱ्यांवर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या टाकल्या, शेजारी काजरी ठेवली आणि दोन्हींवर मोठी टोपली पालथी घातली. नजर नसली तर मिरचीचा ठसका लागतो, नजर असली तर लागत नाही, हे तिकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. मंगलीला ठसका लागला नाही. आता जिने सारा जन्म चुलीपुढे आणि फुले दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळण्यात काढला, तिला मूठभर मिरच्यांनी काय व्हायचे? पण हे तिला सांगणार कोण?

पलीकडून मात्र खोकल्याची उबळ आली. "सटवे, मारून राहिली का आमाले!"

"ठसका लागला नं?" मंगली ओरडली. "म्हंजे चोर सापडला!"

हा नियम कोणाच्या आजोबापणजोबाने ऐकलेला नव्हता. मंगलीने तो जागच्या जागी बनवला आणि रोज दिवेलागणीला वापरू लागली. रोज मिरच्या, रोज टोपली, रोज कुंपणावरून शिव्या. आणि काजरी रोज जास्तच घायकुतीला. एका सकाळी तिच्या हिरड्या निळ्या दिसल्या, तेव्हा मंगली घाबरली. दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून दोरीने आवळल्या, आत मांजर, आणि बाई रस्त्यावर.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "म्हातारे, कोंबडी मागं ठेव."

"कोंबडी असन तुया घरी!" मंगली म्हणाली आणि टोपली मांडीवर घेऊन पुढच्याच बाकावर बसली.

जनावरांच्या दवाखान्यात बैल आणि बकऱ्यांची गर्दी. दारातला शिपाई केवलराम टोपलीत डोकावून हसला. "माजरीले कोनी दवाखान्यात आनते का वं बाई? उद्या उंदीर घेऊन येसीन."

"तुलेच आनत होती गा, पन तुया बायकोनं सोडलं नाई."

बैलवाले खो खो हसले, केवलराम तापला, आणि त्या गलक्याने डॉक्टरीण बाहेर आली. प्राची मॅडम. खांद्यापर्यंत हातमोजा, कपाळावर आठ्या. "कोण बोंबलतंय?" म्हणता म्हणता तिची नजर टोपलीवर गेली. मांजर टेबलावर घेतली, छाती ऐकली, मग वाकून तिच्या केसांचा वास घेतला.

"ही मांजर आहे की मिरचीचा ठेचा?"

"नजर आहे तिले. शेजारनीची."

"नजर नाही, दमा आहे. आणि तिला कोंडून मिरचीचा धूर शेजारीण देत नाही, तुम्ही देता. थोडे दिवस आणखी दिला असता तर मेलीच होती."

"तुले काय समजते वं, कालची पोरगी!"

"नाही ना समजत? मग उचला टोपली आणि निघा."

मंगलीने टोपलीकडे हात नेला. काजरीने तोंड उघडून एक श्वास ओढला, घशात शिट्टी वाजल्यासारखा. मंगलीचा हात तिथेच राहिला. जन्मात पहिल्यांदा तिने शेवटचा शब्द दुसऱ्याला दिला.

सुई झाली, वाफ झाली, औषध हातात पडले. "चूल नाही, पाचोळा नाही, उदबत्तीसुद्धा नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आणि तिच्याजवळ आरडाओरडा नको, दचकली की धाप वाढते. धुरातच ठेवायची असेल तर पुन्हा इथे आणू नका."

परतीच्या बसमध्ये मंगलीने मनातल्या मनात सगळा टोला फिरून पाहिला. तिचे घर एका खोलीचे, चूल आतच. अंगणात मांडावी तर चारी बाजूंनी मोहाखालचे पाचोळे पेटलेले. सगळ्या टोल्यात बिनधुराचे घर एकच, तळ्याच्या बाजूला खिडक्या असलेले. खोकल्यापायी तिथे चूल बंद होऊन गॅस आला होता.

सावित्रीबाईने दार उघडले. "काय पायजे?"

"जागा."

"कोनाले?"

मंगलीने टोपली पुढे केली.

"माया नजरेनं मरन नं ते!"

"मरली तं तुलेच धरीन."

"मंग ने माघारी."

मंगली हलली नाही. दारात दोघी एकमेकींकडे खाऊ की गिळू पाहत उभ्या. टोपलीतून ती शिट्टी आली. सावित्रीबाईने कान दिला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिच्याच छातीतून तो कैक रात्री निघाला होता. तिने टोपली हिसकावून घेतली.

"माजर राहीन. तू नाई."

आणि दार लावले.

तेव्हापासून दोघींचे सूत जमले असे कोणी समजू नये. मंगली रोज औषध पाजायला जाते आणि उंबऱ्याबाहेर बसते. आत यायची परवानगी नाही.

"लुगडं धुवून येत जा," सावित्रीबाई म्हणते. "धुराचा वास मारते."

"तुया तोंडाचा मारते."

पण हे सारे कुजबुजत, दात ओठ खात. कारण मध्ये उंबऱ्यावर काजरी पसरलेली असते, पोट संथ हलत असते.

"सटवी," सावित्रीबाई पुटपुटते.

"तू सटवी," मंगली त्याहून हळू म्हणते, आणि मांजरीचा कान हलला का ते पाहते.