डावं मागचं चाक

माझी जीभ तिखट आहे, हे झरीच्या शाळेतली पहिलीची पोरंसुद्धा सांगतील. बावीस वर्षं शिकवते आहे आणि उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा जुना रोग आहे. त्या रोगापायी जिवलीची गाडी मी जवळजवळ बंद पाडली होती, ते सांगायचं आहे.

जिवली माहेरची रानशेतची. लग्न होऊन समुद्रकाठच्या आगर गावाजवळच्या पाड्यावर आली. नवरा पांड्या चिकूच्या वाडीत कामाला, तिथेच तीही जायची. वाडीत चिकू वाहायला एक टेम्पो होता आणि त्याचा ड्रायव्हर आठवड्यातून दोनदा तरी बेपत्ता असायचा. एकदा माल भरून उभा आणि ड्रायव्हर नाही. मालक डोक्याला हात लावून बसलेला. जिवली म्हणाली, "मी काढते गाडी." तिला कोणी शिकवलं नव्हतं. करंड्यांबरोबर टेम्पोत बसून येता-जाता ती ड्रायव्हरचे हातपाय बघत होती, वर्षभर. वाडीच्या फाटकापर्यंत तिने टेम्पो सरळ नेला आणि फाटकाचा एक खांब पाडला. मालकाने खांब दुरुस्त करून घेतला आणि तिला रीतसर शिकायला पाठवलं. २०१४ साली लायसन्स मिळालं. दोन वर्षांनी तिने स्वतःची जुनी व्हॅन घेतली.

पहाटे आगरच्या बायकांची मासळी डहाणूच्या बाजारात पोचवायची आणि साडेनऊला स्टेशनबाहेरच्या नाक्यावरून आम्हा सहा शिक्षकांना झरीला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, हा तिचा दिवस. मासळीच्या फेऱ्या पावसाळ्यात बंद. घर चालायचं ते आम्हा सहा जणांवर.

गाडीची निगा राखावी तर जिवलीने. रोज किल्ली फिरवायच्या आधी इंजिन ऑइलची पट्टी काढून पुसून बघणार. रेडिएटरचं पाणी, ब्रेक ऑइलची पातळी, टायरची हवा, सगळं ठरल्या दिवशी. मी ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा इतक्या नेमाने घेत नाही. आणि तरीही तिच्या गाडीचे ब्रेक टिकेनात.

मागच्या चाकांत ड्रम असतो. त्याला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीला लायनर म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं. ती पट्टी दोन-तीन वर्षं सहज जाते म्हणे. जिवलीची दिवाळीनंतर घातलेली संक्रांतीला संपली. संक्रांतीची शिमग्याला संपली. गॅरेजवाले चिमणभाई दर वेळी जुनी पट्टी भंगारात टाकायचे, नवी बसवायचे आणि तेच सांगायचे, "बेन, ब्रेकवरून पाय उचलायला शिका. बायकांची सवयच असते ही."

मार्चमधल्या एका संध्याकाळी झरीहून येताना लांब उतारावर जळका वास सुटला. मागच्या चाकातून धूर. आम्ही सगळे खाली उतरलो. श्रुतिका मॅडम तर रडायलाच लागल्या. अर्ध्या तासाने गाडी गार झाली आणि आम्ही जीव मुठीत धरून डहाणूला पोचलो. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो. नाक्यावर दहा-बारा गाडीवाले उभे होते. त्यांच्यासमोर मी मोठ्याने म्हणाले, "हिचा पाय ब्रेकवरून हलतच नाही! गाडी चालवणं हे हिचं काम नव्हे. जूनपासून आपण परेशची गाडी सांगू या."

परेश तिथेच गाडीला टेकून उभा होता. तो हसला. मग सगळेच हसले. जिवली म्हणाली, "गाडीत काय तरी खोट हाय, बाई. मी शोधते." परेश म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." पुन्हा हशा.

जिवली हसली नाही, रडलीही नाही. "जून लांब हाय," एवढंच म्हणाली आणि गाडी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळा सुटल्यावर तिने गाडी चिमणभाईंच्या दारात लावली आणि सांगितलं, चारी चाकं खोला. चिमणभाई म्हणाले, एवढा वेळ कुणाला आहे? ती म्हणाली, मला आहे. आणि पायरीवर बसून राहिली. गिऱ्हाइकं आली, गेली. शेवटी कंटाळून त्यांनी चारी चाकं खोलली. पुढची दोन्ही ठीक, पट्ट्या निम्म्याहून जास्त शिल्लक. मागचं उजवं ठीक. मागचं डावं मात्र पार संपलेलं, धातूवर धातू घासलेला.

"पाय एक, चाकं चार," जिवली म्हणाली. "मी ब्रेकवर पाय ठेवून बसते, तर तो पाय डाव्या मागच्या चाकालाच कसा लागतो, चिमणभाई?"

चिमणभाईंनी डोकं खाजवलं. स्प्रिंग बदलली, आणखी एक-दोन गोष्टी बदलल्या, नवी पट्टी घातली. जिवलीने जुनी पट्टी मागून घेतली आणि घरी नेली. पंधरा दिवसांत ते चाक पुन्हा तापायला लागलं. या पंधरा दिवसांत गाडीत कोणी तिच्याशी फारसं बोलत नव्हतं. मीही नाही. तुषार सर तर परेशकडे जाऊन वेळ ठरवून आले होते.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिने अंगणात जॅक लावून गाडीची मागची बाजू उचलली. हँडब्रेक खाली होता. पांड्याला म्हणाली, चाकं फिरव. उजवं चाक गरगर फिरलं. डावं अर्ध्या फेऱ्यातच अडलं. आत गाडीत हँडब्रेकचा दांडा अगदी खाली पडलेला, म्हणजे ब्रेक सुटला असंच कोणीही म्हणेल. जिवली गाडीखाली शिरली. दांड्यापासून दोन्ही चाकांना एकेक तार जाते. डावीकडच्या तारेवरचं वेष्टण फुगून फाटलं होतं आणि आतली तार गंजून तांबडी झाली होती. दांडा खाली पडला तरी तार मागे सरकतच नव्हती. ते चाक दिवसभर ब्रेक ओढलेलाच घेऊन झरीला जात होतं, झरीहून येत होतं.

पण डावीकडचीच तार का गंजावी? खाली पडल्यापडल्या तिने वर बघितलं. बरोबर त्या तारेच्या डोक्यावर गाडीच्या पत्र्याला एक भोक होतं. ते तिनेच केलेलं होतं.

सोमवारी नाक्यावर बाकीचे यायच्या आत तिने हे सगळं मला सांगितलं. नवी तार आणि नवी पट्टी घातली होती, भोक बुजवलं होतं. मी विचारलं, "भोक कशाला केलंस मुळात?"

"धुतलेलं पाणी जायला. मासळी उतरवली की मी परत आगरला जाऊन गाडी धुवायची. किनाऱ्यावर उतारात लावायची, हँडब्रेक ओढायचा, नि बादल्या ओतायच्या."

"कसलं पाणी?"

"दर्याचं. आमच्याकडं गोडं पाणी प्यायला पुरत नाय, गाडीला कुठून आणू?"

"अगं, खाऱ्या पाण्याने कोणी रोज गाडी धुतं का? कुणी सांगितलं होतं तुला रोज धुवायला?"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला आठवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. मी गाडीत पाय टाकल्याटाकल्या नाकाला पदर लावला होता आणि म्हणाले होते, "जिवली, आम्ही माणसं आहोत, बोंबील नाही. उद्यापासून धुतलेली गाडी आण, नाहीतर आणू नकोस." आणि रविवारी पापलेट आणायला मीच पिशवी घेऊन बाजारात पहिली हजर असते.

मला लाज वाटली. फार वाटली. म्हटलं, "म्हणजे चूक माझी."

"नाक तुमचं, पण पाणी मीच ओतलं ना," जिवली म्हणाली. "माझी पण चूक हायच. पण पायाची नाय."

त्याच दिवशी गाडीत मी बाकीच्या शिक्षकांना तारेचं सगळं सांगितलं. पुढचा पाऊण महिना जिवली रोज झरीला पोचलं की सगळ्यांना थांबवायची. "तळहात नको, चटका बसेल. उलटा हात चाकाजवळ धरा." पहिल्या दिवशी तुषार सर कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी स्वतःहून वाकले. चारी चाकं सारखीच कोमट. उतारानंतरही सारखीच. गाडी आता ती पाड्यावरच्या विहिरीच्या पाण्याने पुसायची, दोन बादल्यांत. मासळीखाली जाड प्लास्टिक घालायची. वास थोडा यायचा. मी श्वास घ्यायला शिकले.

शाळेला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा डावं चाक खोलून घेतलं, आम्हा सहाही जणांसमोर. पट्टी जवळजवळ नवीच. चिमणभाईंनी ती बोटाने चाचपली, दोनदा, आणि गुपचूप परत बसवली. तुषार सर म्हणाले, "जूनमध्ये आपली हीच गाडी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं, सुटले.

संध्याकाळी नाक्यावर उतरले. जिवली गाडी बंद करून खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, तुमी मास्तरांना सांगितलं, ते बरं झालं. पण पावसानंतर मला या नाक्यावर दुसरी भाडी पण घ्यायची हायत. इथल्या माणसांनी तुमचं ऐकलंय. माझं कोण ऐकतंय?"

नाक्यावर तेच सगळे गाडीवाले होते. परेशही होता. एरवी मी चाळीस पोरांच्या वर्गावर ओरडते. आता परेशच्या जवळ गेले आणि त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं. दोष गाडीच्या तारेत होता. जिवली चांगली गाडी चालवते."

परेशने टिंगल केली नाही. त्याने नुसती मान हलवली. मी पिशवी उचलून रिक्षाकडे वळले.

मागून जिवलीचा आवाज आला. "हळू नको, बाई. तेव्हा मोठ्यानं बोलला होता."

मी पिशवी खाली ठेवली, मागे फिरले आणि सगळा नाका ऐकेल अशा आवाजात पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.