हे झोपलेत, एवढंच म्हणाले होते मी

"ही गाठ काढता येणार नाही," नगरच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आणि मी विचारलं, "मग गोळ्यांनी विरघळेल ना?" डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेजारी माझे यजमान बसले होते. ते म्हणाले, "अगं, सायेब काय म्हनत्यात ते नीट ऐक." ऐकलं तर होतंच. गळी उतरत नव्हतं.

आजार पॅन्क्रियाजच्या कॅन्सरचा. पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड, जठराच्या मागे असतं. तिथला कॅन्सर कळतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ह्यांची आधी भूक गेली, मग पाठ दुखायला लागली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली आडवं पडून उभा जन्म गेलेला, पाठ दुखणारच, असं आम्ही धरून चाललो. डोळे पिवळे झाले तेव्हा गावात कुणी कावीळ म्हणालं, पाला आणून दिला, तोही घेतला. तुमच्या घरात कुणाचे डोळे पिवळे झाले आणि अंगाला खाज सुटली, तर झाडपाल्यात दिवस घालवू नका. सोनोग्राफी करून घ्या. एवढं तरी माझं ऐका.

मग सीटी स्कॅन झाला. मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. मग स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट मोकळी राहावी म्हणून आत बसवलेली बारीक नळी. नेवाशाजवळच्या आमच्या गावातून नगर गाठायचं, नंबर लावायचा आणि बसायचं. त्या लोखंडी खुर्च्यांवर मी इतकी बसले की घरच्या पलंगावरही अंग आखडूनच झोपायला लागले. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे पाळी बदलायला कुणी नव्हतं. धाकटे दीर, याकोबभावजी, रानातून सुटले की डबा घेऊन यायचे, तेवढाच आधार.

आजार यकृतात पसरल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. "आता पॅलिएटिव्ह केअरचा विचार करा. म्हणजे आजाराच्या मागे लागायचं नाही, दुखणं कमी ठेवायचं. ते घरीही जमेल. तुम्ही ठरवा."

मी ठरवलं नाही. कसं ठरवणार? आमच्या चर्चची सगळी मंडळी प्रार्थनेत होती. महिला मंडळाचा उपास चालू होता. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, ह्यांच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करून गेले होते. मोबाईल स्पीकरवर टाकून उशाशी ठेवायचा आणि पलीकडून सगळ्या जणी एकदम म्हणायच्या, "प्रभू, आमच्या भाऊला बरं कर." अशात मी घरी नेते म्हटलं असतं, तर माझाच विश्वास कमी पडला असं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर लोकांपेक्षा मला माझीच भीती वाटत होती. हो म्हटलं की मीच त्यांना सोडलं.

हे मात्र अधूनमधून म्हणायचे, "घरी चल." मी म्हणायची, "बरं वाटलं की जाऊ." मग ते भिंतीकडे तोंड करायचे. त्याचा अर्थ मला कळत होता आणि म्हणूनच मला राग यायचा.

पुढे अंगात इन्फेक्शन पसरलं. ताप चढला, हे भ्रमात बडबडू लागले, सलाईन उपसून टाकू लागले. आयसीयूत हलवलं. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सेडेशन दिलंय, म्हणजे औषधाने झोपवलंय. आता शांत आहेत." मला हायसं वाटलं. लगेच भावजींना फोन लावला. बॅटरी संपत आली होती, आणि मी इतकी थकलेली की बोलता बोलता रडूच फुटलं.

"भावजी, हे झोपलेत."

"कधी?"

"आत्ताच. शांत आहेत आता."

तेवढ्यात माझा फोन बंद पडला.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण आमच्या ख्रिस्ती लोकांत माणूस मेला असं सहसा कुणी म्हणत नाही. प्रभूत झोपला म्हणतात, कारण झोपलेला उठतो. चर्चमध्ये जाहीर करतात तेही असंच आणि कबरीच्या दगडावर लिहितात तेही असंच. जन्मभर हेच ऐकत आलेली मी, पण त्या घडीला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

ऊन उतरल्यावर भावजी टेम्पो घेऊन आले. मागे चर्चची माणसं पांढऱ्या कपड्यांत बसलेली, आणि त्यांच्या मधोमध नवी कोरी शवपेटी.

"वैनी, कुठं ठिवलंय भाऊला?"

"आयसीयूत. दुसरं कुठं ठेवणार?"

"आजून आतच? बॉडी देत न्हाईत व्हय?"

"अहो, जिवंत आहेत ते!" मी इतक्या जोरात ओरडले की वॉचमन धावत आला.

भावजी टेम्पोकडे बघत म्हणाले, "आवो, मयताची घंटा वाजवली आमी. कबर बी खनून झाली, आईच्या शेजारी. लोक भजनाला बसल्यात." मला हसू फुटलं. ते थांबेना, आणि थोड्या वेळाने ते हसू राहिलं नाही.

शुद्ध आल्यावर ह्यांना वॉर्डात आणलं. यातलं काही सांगायचं नाही, असं मी भावजींना बजावून ठेवलं होतं. पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. भेटायला आले, ह्यांच्या पायाशी उभे राहिले आणि रडत रडत सगळं सांगून मोकळे झाले. मी डोळे वटारत होते. हे मात्र ऐकता ऐकता हसायला लागले.

"कोन कोन आलं हुतं?"

भावजींनी नावं सांगितली. बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद होतं तो शेजारीही आला होता, आणि खणायला तोच पुढे होता. हे खूश झाले.

"आन कबर तशीच हाय?"

"बुजवायचं चाललंय. उघडी ठिवू न्हाई म्हनत्यात."

"बुजवा. पन माती चोपू नका. मऊ राहू द्या. गावच्या पोरांना परत खनताना तरास नको."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी मरनार हाय, मार्था. तू बी म्हन एकदा. म्हंजी हे वझं मला एकट्याला वाहाया नको."

मला ते म्हणता आलं नाही. "घरी जाऊ," एवढंच म्हणाले. त्यांना तेवढंही पुरलं.

डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. हे तीव्र वेदनेवरचं औषध. सवय लागेल म्हणून लोक घाबरतात, मीही घाबरले होते. डॉक्टर सांगतील तसं द्या, माणूस निदान सुखाने पाठ टेकतो. घरी पाळकसाहेब आले तेव्हा मी विचारलं, "घरी आणलं, हा अविश्वास झाला का?" ते म्हणाले, "बाई, बरं कर म्हणणं मलाही सोपं पडत होतं. दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं." त्या दिवसापासून महिला मंडळ नुसतं भजन म्हणायला येऊ लागलं. हे गोधडीवर बोटांनी ताल धरायचे.

तुमचं माणूस "घरी चल" म्हणालं, तर पहिल्याच वेळी ऐका. आणि विश्वास असेल तर रडू येत नाही, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. मेलेले उठणार, आम्ही भेटणार, हे मी मनापासून मानते. तरी त्यांचा ग्रीसच्या डागांचा शर्ट हाती लागला की अजून हुंदका येतो.

ती शेवटची दुपार सांगते. मी ताट वाढून त्यांच्या खाटेशी बसले होते. आमच्यात जेवणाआधी देवाचे आभार मानतात, आणि ते काम कायम ह्यांचं. आता त्यांच्यात आवाज राहिला नव्हता, म्हणून मी डोळे मिटले. बरं कर म्हणाले नाही. म्हणाले, "बापा, हे अन्न दिलंस, हा माणूस दिलास, तुझे आभार. हा आता मरतोय. याला तुझ्याजवळ घे." ह्यांचे ओठ आमेनला हलले. मग डोळ्यांनीच ताटाकडे खूण केली, जेव.

मी जेवत असतानाच त्यांचा श्वास थांबला. ताट मी बाजूला सारलं नाही. एका हातात त्यांचा हात धरला, उरलेली भाकरी संपवली आणि मग भावजींना हाक मारली.