आजऱ्याची माती

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीट सांगता येणार नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या गडसहली मीच काढायची. ट्रॅक्स गाडी ठरवणं, कुणी काय डबा आणायचा, परत किती वाजता निघायचं — सगळं माझ्याकडे. माझी सहल कधी उशिरा परतली नाही. याचा मला केवढा अभिमान होता.

पारगड ठरला तेव्हा आण्णा, माझे वडील, अंथरुणाला खिळलेले होते. पारगड त्यांचं आजोळ. गडाची माती कपाळाला लावायला सगळेच आणतात. त्यांना मात्र एकाच जागेची हवी होती. "आज्जीच्या दारातली चिमूटभर आण की, बाळ. दुसरं काय मागत न्हाई." खरंच, त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलंच नव्हतं.

त्या पडलेल्या घराचं जोतं गडाच्या पार टोकाला. मी देवळापर्यंत पोचले, घड्याळ बघितलं आणि — विसरले असं म्हणू? नाही. वाट समोर दिसत होती. थोडा उशीर झाला असता, एवढंच. मी सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं.

परतीच्या वाटेवर आजऱ्याला चहासाठी थांबलो. हॉटेलच्या मागं, भांडी घासायच्या जागेशेजारी माती होती. तशीच तांबडी. डब्याच्या झाकणात भरून घेतली.

आण्णांनी वास घेतला. "हीच," म्हणाले. "आज्जी चुलीला हीच लावायची." मग माझा हात धरून रडले. तेव्हा तरी बोलता आलं नसतं का? मी त्यांची उशी सारखी केली.

ती माती त्यांनी आईच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवायला लावली. शेवटच्या घटकेला तुळशीपत्राबरोबर तोंडात घालायची — हे माझ्याकडूनच कबूल करून घेतलं. आणि ती सकाळ आली. भावंडं भोवती. मी करंडा उघडला. अजूनही सांगता आलं असतं. मी चिमूट उचलली आणि त्यांच्या जिभेवर ठेवली.

बऱ्याच वर्षांनी एकटी पारगडला गेले. जोतं सापडलं. दारापाशी वाकले — आणि माती न घेताच उठले. कुणाला द्यायची?

करंडा आता भावाच्या देवघरात आहे. परगावी निघताना घरातलं प्रत्येकजण त्यातली माती कपाळाला लावतं. भाऊ मलाही लावतो. मी कपाळ पुढं करते.