उत्तर आल्याशिवाय

दौंडच्या एसटी स्टँडवर शिरूरची गाडी लागली, तेव्हा पप्पांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही. रेल्वेच्या यार्डात खलाशी म्हणून अवजड कामं करत उभं आयुष्य काढलेला माणूस. निरोपाचं त्यांना कौतुक नव्हतं. बॅग वर चढवली आणि म्हणाले, "बाकी कवा बी ये, नको येऊस. ईस्टरला पहाटं मातर घरात पायजेस."

कारण आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, रीत. ईस्टरच्या पहाटे चर्चची फेरी गाणी म्हणत दारोदार जाते. दारावर थाप मारून बाहेरचे म्हणतात, "प्रभू उठला आहे!" आतल्यांनी म्हणायचं, "खरोखर उठला आहे!" उत्तर आल्याशिवाय फेरी पुढे सरकत नाही. लहानपणी मी गोधडीतूनच पुटपुटायचो आणि पुन्हा झोपायचो. आई गेल्यावर उत्तर द्यायला आम्ही दोघंच उरलो, आणि मी रांजणगावच्या कंपनीत लागल्यावर एकटे पप्पा.

कंपनीजवळच्या कारेगावात मला खोली मिळाली. ओळीने आठ खोल्या. कोणी बिहारचा, कोणी लातूरचा, सगळ्यांच्या शिफ्टा वेगळ्या. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक असेल, अशा ठिकाणी शेजारी तोंडावरून नाही, दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखायचा. पहिली दोन वर्षं ईस्टरला गेलो. मग ओव्हरटाइमचं निमित्त सापडलं. मी फार भाविक होतो अशातला भाग नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चर्चला कुलूप लागलं. पप्पा पॉझिटिव्ह, घरात एकटे. समोरच्या मार्थाकाकू उंबऱ्यावर डबा ठेवायच्या. कंपनीत माझ्या लाइनवरचा एक जण पॉझिटिव्ह निघाला म्हणून मीही खोलीत बंद. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळपासून पप्पा फोन उचलत नव्हते. झोपले असतील, अशी मी समजूत घातली.

त्या वर्षी चर्चच्या पाळकसाहेबांनी फेरी फोनवर काढली. सगळी घरं एका कॉलवर. ते एकेका घराचं नाव घेऊन हाक देत, घर उत्तर देई. निम्मे लोक म्यूटवरच ओरडत होते, कुणाचा तरी कुकर शिट्ट्या मारत होता. त्या काळजीतही मला हसू आलं.

मग पप्पांचं नाव आलं. "सायमनमामांचं घर! प्रभू उठला आहे!"

काहीच आलं नाही. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही.

कोणीतरी म्हणालं, "थॉमस हाय की लायनीवर. त्यानं म्हनलं तरी चालंल, घर एकच हाय."

खरं होतं. तीन शब्द बोललो असतो तर फेरी पुढच्या दारी गेली असती. पण मग त्या बंद दारापाशी कोणी थांबलं नसतं.

मी म्हणालो, "मी कारेगावात हाय. घरातून उत्तर येऊ द्या."

"मग थांबू," पाळकसाहेब म्हणाले.

सगळी मंडळी थांबली. कुकरही कोणीतरी बंद केला. मार्थाकाकू फोन हातात घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. त्यांच्या चपला ऐकू आल्या, मग दारावरची थाप. "मामा! प्रभू उठला हाय! ऐकू येतंय का?" थाप, परत थाप. मी भिंतीला डोकं टेकून उभा होतो. प्रार्थना काही सुचली नाही. नुसतं 'पप्पा, पप्पा' चाललं होतं.

आधी खोकला आला. मग घोगरा आवाज. "खरोखर उठला आहे... दार नका बडवू, तुटंल. फोन कुठं पडलाय, घावंना."

मी ढसाढसा रडलो. पाळकसाहेबांनी पुढच्या घराचं नाव घेतलं.

मंडळीतल्या दोघांनी त्याच सकाळी पप्पांना दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन उतरला होता. आठवड्याभराने ते चालत घरी आले.

मी अजून कारेगावातच राहतो. खोली मोठी घेतली, फ्रिज आला, आधार कार्डावरचा पत्ताही इथलाच. ईस्टरला मात्र दौंडला जातोच. आता पप्पा फेरीत असतात आणि आत मी एकटा. ते आपल्याच दारावर थाप मारतात, हाक देतात. उत्तर माझ्या ओठांवर असतं, पण मी जरा गप्प राहतो. बाहेर गाणं थांबतं, चपला थांबतात. एवढी माणसं माझ्यासाठी थांबलीत, हे नीट ऐकून घेतो, पप्पांची दुसरी थाप पडेपर्यंत.