शालूबाईंच्या जाहिरातींवर बाळासोंचं बोट

कोल्हापूरजवळच्या कळंब्यात शालूबाईंचं घर विचारताना 'त्या ब्लाउज शिवणाऱ्या' म्हणायचं नाही. त्या दारातूनच सुनावतात, "मी शिवत न्हाय, शिकवतो. शिवणारी म्होरल्या गल्लीत." आवाज असा की फोनवर निम्मे लोक त्यांना 'दादा' म्हणतात. त्या दुरुस्त करत नाहीत. दादा म्हटलं की माणूस नीट ऐकतो, असं त्यांचं मत.

आता शिकवतात कुठं, तर वेबसाइटवर. सुनेनं, तेजस्वीनं, ती काढून दिली. कटोरी ब्लाउज कसा कापायचा, जाड दंडाला बाही कशी बसवायची, मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथं, झोळ का येतो, सगळं फोटोसकट. भाषा शालूबाईंची. पहिल्याच पानावर लिहिलंय, 'आधी तोंडातल्या टाचण्या काढा, मग प्रश्न विचारा.' हे बीडमध्ये वाचतात, जतला वाचतात, नंदुरबारच्या एका बाईनं तर आपल्या शिलाई मशिनीच्या शेजारी शालूबाईंचा फोटो लावलाय. त्या पानांच्या कडेला जाहिराती येतात. वाचणारीला एखादी मशीन आवडली, तिनं जाहिरातीवर बोट ठेवलं, की कंपनी शालूबाईंच्या खात्यात काही पैसे टाकते. थेंबाथेंबानं साचतं. किती साचतं, ते गल्लीत प्रत्येकानं आपापल्या जळफळाटाप्रमाणे ठरवलं होतं.

सगळ्यात मोठा आकडा बाळासोंचा होता. बाळासो म्हणजे शालूबाईंचे चुलत दीर, राजारामपुरीतले लेडीज टेलर. खाली दुकान, वर माडीवर कटिंगचा क्लास. शालूबाईंची उमेदीची वर्षं त्याच दुकानात, एका बुटक्या स्टुलावर, काजबटणं करण्यात गेली. बाळासो कापडावर खडू ओढायला लागले की शालूबाईंकडं पाठ करायचे. "कटिंग पोटच्या पोरालाबी दावायचं नसतंय, वैनी," असं तोंडावर सांगायचे. वैनीनं वाद घातला नाही. त्यांनी शिवलेले जुने ब्लाउज घरी नेले, एकेक शिवण उसवली, तुकडे वर्तमानपत्रावर मांडले आणि बाळासोंच्या पाठीमागं काय चालतं ते शोधून काढलं. नंतर तेच साऱ्या महाराष्ट्राला फुकट दाखवलं. बाळासोंच्या क्लासातल्या पोरी घटल्या, माडीवरची निम्मी सतरंजी मग घडीतच राहायला लागली.

एके दिवशी तेजस्वी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आत्ती, कंपनीनं आपल्या जाहिराती कमी केल्यात. कुणीतरी त्या खोट्या-खोट्या दाबतंय म्हणत्यात."

"दाबल्या तर बरंच की. पैसे येतील."

"तसं न्हाय. एकेका क्लिकमागं जाहिरात देणाऱ्याचे पैसे जातात. घ्यायचं काही नाही आणि नुसतं दाबलं, तर ती त्याची फसवणूक झाली. कंपनीला वाटतंय, तुम्हीच माणसं बसवून दाबून घेताय. असंच चाललं तर खातं बंद करणार. आणि एकदा बंद झालं की तुमच्या नावानं परत उघडत न्हाय."

शालूबाईंनी गॅस बारीक केला. डोळ्यांपुढं ते बुटकं स्टूल आलं. खातं गेलं तर पुढची काजबटणं त्याच स्टुलावर, त्याच पाठीकडं बघत.

"कुठनं दाबत्यात?"

"कोल्हापुरातनंच. दुपारी. एकदम झुंडीनं."

"कोल्हापुरातल्या बायका दुपारी झोपत्यात," शालूबाई म्हणाल्या. "झोपत न्हाईत त्या कुठं असत्यात, ते बघायला पायजे."

बघायला जावं लागलं नाही. त्याच रविवारी पेठ वडगावला भावकीत एका नातवाचं जावळ होतं. पंगत बसलेली, तांबडा रस्सा फिरत होता, आणि बाळासोंना बोलायला चार माणसं मिळाली की रस्सा थंड होतो.

"आमच्या वैनीला आमी रोज हातभार लावतोय," त्यांनी अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं. "पोरी क्लासला आल्या की पैलं कात्रीला नमस्कार, दुसरं वैनीच्या जाहिरातींवर सपासप बोटं. दाबा म्हणतो, आपल्या घरातली बाई हाय."

पंगत गहिवरली. बाळासोंचं मन किती मोठं, असं एक मावशी बोललीसुद्धा. आपल्याकडं मदत अशीच करतात, दहाजणांनी मिळून आणि बोभाटा करून. त्यामुळं त्यात खोट असेल असं कुणाच्या मनातही येईना.

"भावजी," शालूबाई म्हणाल्या, "त्यानं माझं खातं बंद पडायची येळ आलीया."

"आता मदत केली ती बी चुकली व्हय?" बाळासो हसले आणि वाढप्याला म्हणाले, "वैनीला नळी वाढ रं."

शालूबाईंनी नळी खाल्ली, पण घास चावताना त्यांना उमगलं. ज्याला ठाऊक नाही तो पहिल्यांदा विचारतो, असं कसं काय बंद पडतंय? त्यांना स्वतःलाही तेजस्वीनं सांगेपर्यंत दाबणं म्हणजे पैसेच वाटले होते. बाळासोंनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लिक वाढल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णा आले. आण्णा म्हणजे भावकीचे न्यायाधीश. त्यांना कुणी नेमलेलं नाही आणि कुणी काढूही शकत नाही. बशीत चहा ओतून त्यांनी मुद्दा काढला.

"शालू, कटिंगची पानं तेवढी काढून टाक. भरतकाम ठेव, रांगोळी ठेव. बाळासो पोरींना थांबवतो म्हणालाय."

"म्हंजी थांबवता येतंय की त्याला."

आण्णांची बशी ओठापाशीच राहिली. "तसं न्हवं गं. घरातली गोष्ट घरात मिटावी."

"मिटवूया की. पण पान एक बी निघणार न्हाय. त्याला सांगा, जाहिराती मीच काढतो. दाब म्हणावं आता काय दाबतोस ते."

आण्णा गेल्यावर तेजस्वी घाबरली. जाहिराती काढल्या तर एक रुपया यायचा नाही.

"खातं तर ऱ्हातंय न्हवं? दुकानाला आग लागली की आधी माल भाईर काढायचा, गिऱ्हाईक नंतर. आणि कंपनीला कळव, कोण दाबतंय ते. दीर हाय म्हणून सांग."

"कंपनीला दीर काय कळणार, आत्ती?"

"कळंल. त्यांनाबी असतील."

संध्याकाळपर्यंत साइट जाहिरातींविना मोकळी झाली, केस धुतलेल्या बाईसारखी. दुसऱ्या दिवशी दुपारी शालूबाईंनी इरकली नेसली आणि राजारामपुरीचा जिना चढल्या. माडीवर पोरी नुकत्या टेकल्या होत्या. हातात मोबाइल, आणि आज दाबायला काहीच कसं नाही यावर कुजबुज. फळ्यापाशी बाळासो, पाठ पोरींकडं.

"या वैनी," ते वळून म्हणाले. आवाजात साखर होती, पण पाक जरा कच्चा पडला होता.

"तुमी ज्या बाईच्या जाहिराती दाबता ना, ती मी," शालूबाई पोरींना म्हणाल्या. "तुमाला मदत म्हणून सांगितलंय. ती मदत न्हाय. घ्यायचं नसताना दाबलेली एकेक क्लिक म्हंजी माझ्या कापडावर मारलेली कात्री. माझं खातं बुडत आलंय त्यानं. भावजींना हे ठाऊक हाय. मी भरल्या पंगतीत सांगितलंय. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमाकडनं जास्त दाबून घेतलंय का न्हाय, तुमीच सांगा."

पोरींनी बाळासोंकडं बघितलं. एकीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. मग दुसरीनं.

"माझ्या क्लासात येऊन माझीच बेअब्रू?" बाळासो म्हणाले.

"तुमच्या दुकानात स्टुलावर बसून माझी कंबार गेली, भावजी. आज जरा उभं राहून बोलतो."

मागच्या कोपऱ्यातली एक पोरगी चाचरत उठली. तिच्या हातात अर्धा शिवलेला ब्लाउज होता. "मावशी, मुंढ्याला झोळ पडतोय बघा. सर म्हणत्यात कापडच खराब हाय."

शालूबाईंनी ब्लाउज हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "कापड बरं हाय." मग त्यांनी बाळासोंच्या बोटांतला खडू काढून घेतला. बाळासोंनीही तो सोडला, सवयीनं असेल. फळ्यावर शालूबाईंनी मुंढ्याची गोलाई काढली, झोळ कुठं जन्मतो तिथं खूण केली आणि मग एक गोष्ट केली जी त्या माडीवर कधीच झाली नव्हती. त्या बाजूला सरकल्या. अख्खा फळा सगळ्यांना दिसला, बाळासोंनाही.

पोरींनी त्या दिवसापासून बोटं आवरली. कंपनीनंही मग हळूहळू लगाम सैल केला आणि जाहिराती परत आल्या, आधीपेक्षा जरा कमी. त्यातही एकच बोट काही केल्या थांबेना. ते खालच्या दुकानातलं होतं. तेजस्वी साडीला फॉल लावायच्या निमित्तानं तिथं जाऊन आली, त्यांच्याच वायफायवर मोबाइल जोडून त्या वायफायचा इंटरनेटवरचा पत्ता टिपून आली आणि त्या पत्त्यावर जाहिरात दिसूच नये अशी सोय करून ठेवली. बाकी महाराष्ट्राला कटिंग आणि जाहिराती, बाळासोंना नुसतं कटिंग.

आता तिथनं कुणी साइटवर फिरकणार नाही, असं तिला वाटलं होतं. काही दिवसांनी ती हसत सासूकडं आली.

"आत्ती, दुकानातनं आपली साइट अजून उघडत्यात. रोज. एकच पान."

"कुठलं?"

"मुंढ्याचा झोळ."

शालूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "वाचू दे. त्याच्यासाठीबी फुकटच हाय," म्हणाल्या, आणि भाकरी उलटताना त्या पानाच्या शेवटी दोन ओळी जोडायला सांगितल्या. त्या ओळी आजही तिथं आहेत, कुणीही बघावं:

'एवढ्यानंही समजलं नाही तर कळंब्यात यावं. बसायला स्टूल मिळेल.'